द्राक्षबियांचा अर्क : घ्यायचा तर कशासाठी, किती आणि कसा

‘ग्रेप सीड एक्स्ट्रॅक्ट घेऊ का?’ असं कुणी विचारलं की आधी उलट विचारावं लागतं : कशासाठी? बहुतेकांकडे उत्तर नसतं. कुणीतरी सुचवलेलं असतं, डबीवर ‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट’ असं ठळक छापलेलं असतं, आणि द्राक्षातलंच तर आहे, अपाय काय होणार, असा सरळ हिशेब असतो. हा हिशेब दोन्हीकडून चुकतो. फायदा जाहिरातीत सांगतात तेवढा नाही, आणि काही जणांना अपाय होऊ शकतो. तरीही सगळंच थोतांड आहे असंही नाही. रक्तदाब आणि पायांच्या शिरा या दोन बाबतींत थोडाबहुत आधार आहे. तो थोडाबहुत फायदा आपल्या पदरात पडतोय का, हे ज्याचं त्याला तपासता यावं, या बेताने खालच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

आधी वस्तू ओळखा

द्राक्षांपासून वाइन किंवा रस काढला की साली, बिया आणि देठ असा चोथा उरतो. त्यातल्या बिया वेगळ्या करून वाळवतात, बरेचदा त्यांचं तेल आधी काढून घेतात आणि राहिलेल्या भागातून पाणी, अल्कोहोल यांसारख्या द्रावकाने तुरट द्रव्यं ओढून काढतात. ते सुकवलं की तांबूस-तपकिरी, बारीक भुकटी मिळते. कॅप्सूल उघडून तिच्यातली चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवून पाहा. तोंड एकदम कोरडं पडतं, जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी होते. लाळेतली प्रथिनं या द्रव्यांना चिकटून बसतात, म्हणून हा तुरटपणा जाणवतो. चव गोड किंवा अगदीच सपक लागली तर भुकटीत अर्कापेक्षा भरीचा माल जास्त असावा, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

या तुरट द्रव्यांचं नाव प्रोअँथोसायनिडिन्स. कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन हे त्यांचे मूळ रेणू. असे दोन, तीन, चार रेणू एकमेकांना जोडले गेले की छोट्या साखळ्या तयार होतात. त्यांना ऑलिगोमेरिक प्रोअँथोसायनिडिन्स, थोडक्यात ओपीसी म्हणतात. डबीवर दिसणारा ‘ओपीसी’ हाच. एकेकटे रेणू आणि अगदी छोट्या साखळ्या लहान आतड्यातून थोड्याफार प्रमाणात शोषल्या जातात. लांब साखळ्या मात्र तशाच मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि मग त्या तुकड्यांपैकी काही रक्तात जातात. आतड्यातले जिवाणू प्रत्येकाचे वेगळे असतात. एकाला गुण आला म्हणून दुसऱ्याला येईलच असं नाही, त्याचं हे एक कारण असू शकतं.

ओपीसीवरच्या कामाची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. बोर्दो विद्यापीठातल्या जाक मास्केलिए यांनी १९४०च्या दशकात शेंगदाण्याच्या लाल सालीतून ही द्रव्यं वेगळी काढली. पुढे त्यांनी पाइन झाडाच्या सालीकडे आणि मग द्राक्षाच्या बियांकडे मोर्चा वळवला. शेंगदाण्याच्या सालीचा हा संदर्भ लक्षात ठेवा, लेबल वाचताना तो कामाला येणार आहे.

दुकानात किंवा ऑनलाइन शोधताना तीन वस्तूंची गल्लत होते. पहिली, द्राक्षबियांचं तेल. ते स्वयंपाकाला किंवा त्वचेला लावायला वापरतात. त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि ई जीवनसत्त्वही असतं, पण ओपीसी पाण्यात विरघळणारे असल्यामुळे तेलात ते जवळजवळ उतरतच नाहीत. तेल पिऊन अर्काचे फायदे मिळत नाहीत. दुसरी, ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट. हे फळच वेगळं, लिंबूवर्गीय. त्याचा अर्क जंतुनाशक म्हणून विकला जातो, आणि त्याच्या काही नमुन्यांत बेन्झेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम जंतुनाशकं सापडलेली आहेत. इंग्रजीत दोन्ही अर्कांची आद्याक्षरं सारखीच, ‘जीएसई’. त्यामुळे तीन अक्षरांवर विसंबू नका, पूर्ण नाव वाचा. द्राक्षाचं शास्त्रीय नाव व्हायटिस व्हिनिफेरा आहे, तेही लेबलवर शोधा. तिसरी गल्लत रेझव्हेराट्रॉल या द्राक्षातल्याच दुसऱ्या द्रव्याची. ते मुख्यतः द्राक्षाच्या सालीत असतं, बियांत नाही म्हणावं इतकं कमी.

आणि हो, द्राक्षं बियांसकट खाल्ली तर? अख्खी बी गिळली तर ती बहुधा जशीच्या तशी बाहेर पडते. चावून खाल्ली तर थोडी द्रव्यं नक्की मिळतात. चव आवडत असेल तर खुशाल खा. पण ज्या प्रमाणांचे प्रयोग झाले आहेत, तेवढी मात्रा अशी मोजूनमापून मिळणार नाही.

पायरी १ : कारण एकच निवडा

‘एकूण तब्येतीसाठी’ हे कारण धरू नका. ते मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्यासाठी माणूस वर्षानुवर्षं डब्या विकत घेत राहतो.

रक्तदाबाबद्दल सगळ्यात जास्त प्रयोग झाले आहेत. २०११मध्ये ९ प्रयोगांचा, मिळून ३९० जणांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वरचा रक्तदाब सरासरी दीड अंकाने उतरलेला दिसला, खालच्या रक्तदाबात फरक नव्हता. नाडीचे ठोकेही मिनिटाला साधारण दीडाने कमी झाले होते. २०१६मध्ये पुन्हा असाच अभ्यास झाला, यावेळी १६ प्रयोग आणि ८१० जण. त्यात वरचा रक्तदाब सरासरी सहा अंकांनी, खालचा जवळपास तीन अंकांनी उतरला होता. पन्नाशीच्या आतल्या, वजन जास्त असलेल्या आणि चयापचयाच्या तक्रारी असलेल्या लोकांना जास्त फरक पडलेला दिसला.

दीड की सहा? प्रयोग छोटे असले, प्रत्येकात अर्क वेगळा आणि लोक वेगळे असले की आकडे असे इकडेतिकडे होतात. माझ्या मते अपेक्षा दीडाच्या जवळ ठेवावी. फरक पडण्यामागचं कारण पटण्याजोगं आहे : रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवतं, त्याने वाहिन्या सैलावतात, आणि हे अस्तर या द्रव्यांमुळे जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण जेवणातलं मीठ कमी केलं, वजन थोडं उतरवलं, रोज चाललं, तर यांपैकी एकेका गोष्टीनेही इतका किंवा याहून जास्त फरक पडतो. ज्याचा रक्तदाब १६०च्या घरात आहे, त्याने कॅप्सूलच्या भरवशावर राहणं म्हणजे धोक्याशी खेळ.

दुसरं कारण पायांचं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना संध्याकाळी पाय जड वाटतात, घोट्यांवर मोज्याचा वळ उमटतो, रात्री पोटरीत पेटके येतात. पायांच्या शिरांमधल्या झडपा सैल झाल्या की रक्त वर चढण्याऐवजी खाली साचतं, आणि शिरांतला दाब वाढून पाणी आजूबाजूला पाझरतं. या तक्रारीवर द्राक्षबियांच्या ओपीसीचा उपयोग युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, बऱ्याच वर्षांपासून होतो. तिथे हा अर्क रीतसर औषध म्हणूनही विकला गेला आहे. जडपणा, सूज, खाज यांत काही लोकांना आराम पडल्याचं प्रयोगांत दिसतं. प्रयोग जुने आणि छोटे आहेत, पण चित्र एकाच दिशेचं आहे. फुगलेल्या, वेड्यावाकड्या दिसणाऱ्या शिरा मात्र याने नाहीशा होत नाहीत. तशी आशा कुणी दाखवत असेल तर तिथून उठा.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखते, गरम किंवा लाल झाली आहे, तर ती शिरेत झालेली रक्ताची गाठ असू शकते. ती फुप्फुसात सरकली तर जिवावर बेतते. दोन्ही पाय सुजून सोबत धाप लागत असेल, तर हृदय किंवा मूत्रपिंडं तपासायला हवीत. अशा वेळी अर्काचा विचारही नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाकीचे दावे झटपट उरकतो. कोलेस्टेरॉल : २०११च्या त्याच अभ्यासात फरक दिसला नाही, नंतरच्या काही प्रयोगांत किरकोळ दिसला. भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. रक्तातली साखर : तसंच, मधुमेहाच्या औषधाला पर्याय तर नाहीच. स्मरणशक्ती आणि अल्झायमर : जे काही आहे ते मुख्यतः उंदरांत. त्वचा उजळणं, केस येणं, वजन उतरणं : पैसे वाचवा.

कर्करोगाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे माणूस अगतिक असतो आणि विकणारे त्याचाच फायदा उठवतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी या अर्काने मरतात, हे खरं आहे. पण बशीत पेशींवर अर्काची जितकी तीव्रता ओतता येते, तितकी तोंडाने घेऊन शरीरातल्या गाठीपर्यंत पोहोचत नाही. माणसांतला एक प्रयोग मुद्दाम सांगतो. स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतल्यावर काही स्त्रियांच्या स्तनाचा भाग पुढे कडक होतो. अशा ६६ जणींचे दोन गट करून एकाला रोज ३०० मिलिग्रॅम अर्क आणि दुसऱ्याला दिसायला तशीच, पण औषध नसलेली कॅप्सूल सहा महिने दिली. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. केमोथेरपी चालू असताना तर आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला न विचारता हा अर्क घेऊच नये.

राहिलं ‘क जीवनसत्त्वाच्या २० पट, ई जीवनसत्त्वाच्या ५० पट ताकद’ हे वाक्य. ते परीक्षानळीतलं मोजमाप आहे. नळीत एखादं द्रव्य किती मुक्त कण (फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू) शोषतं, यावरून शरीरात काय होईल हे सांगता येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांचा तक्ता २०१२मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला, तोही याच कारणासाठी : कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या आणि आरोग्याशी त्यांचा थेट संबंध दाखवता येत नव्हता.

पायरी २ : आपली औषधं आणि आजार तपासा

ही पायरी सोडू नका. कॅप्सूल विकत घेण्याआधी कागदावर सगळी औषधं लिहा. रोजची, अधूनमधून घेतलेली, दुसरी सप्लिमेंट्स, सगळी. मग पुढची यादी पडताळा.

रक्त पातळ करणारी औषधं : वॉरफरिन, ॲपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन. अर्काने रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंदावू शकते, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढण्याचा धोका. यांपैकी काहीही चालू असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही. हिमोफिलियासारखा रक्तस्रावाचा आजार असेल तरीही नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर साधारण दोन आठवडे आधी बंद करायचा आणि भूलतज्ज्ञांना तसं सांगायचं. दाढ काढायची असेल तरी दंतवैद्याच्या कानावर घाला.

रक्तदाबाची औषधं : अर्काने आणखी थोडा दाब उतरला तर उठताना चक्कर येऊ शकते. मनाई नाही, पण दाब मोजत राहावं लागेल.

क जीवनसत्त्व : याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ऑस्ट्रेलियात रक्तदाबाचे उपचार चालू असलेल्या ६९ जणांवर एक प्रयोग झाला, तो २००५मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, काहींना १००० मिलिग्रॅम द्राक्षबियांची पॉलिफेनॉल्स, काहींना दोन्ही, असं सहा आठवडे दिलं. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब उतरण्याऐवजी जवळपास पाच अंकांनी चढला. का चढला याचा उलगडा नीट झालेला नाही, आणि हा एकच प्रयोग आहे. पण बाजारातल्या अनेक डब्यांत नेमकी हीच जोडी ‘दुहेरी फायदा’ म्हणून घातलेली असते. रक्तदाब असणाऱ्याने जोड कॅप्सूल टाळावी, एवढं तर यावरून ठरवता येतंच.

लोहाच्या गोळ्या : तुरट द्रव्यं वनस्पतीजन्य आहारातलं आणि गोळ्यांतलं लोह धरून ठेवतात. ॲनिमिया असेल तर अर्क आणि लोह यांत काही तासांचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर ते आधी भरून काढा, अर्क कुठे पळून जात नाही.

यकृतात पचणारी औषधं : यकृतातली काही विकरं (एन्झाइम्स) औषधं मोडून शरीराबाहेर टाकतात. त्यांतल्या काहींचं काम हा अर्क अडवतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसांत त्याचा किती परिणाम होतो हे औषधागणिक बदलेल. पण अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, फिट्सची औषधं अशी ज्यांची रक्तातली पातळी काटेकोर राखावी लागते, ती घेणाऱ्यांनी हा प्रयोग स्वतःवर करू नये. खुद्द यकृताला मात्र या अर्काने इजा झाल्याचे खात्रीलायक दाखले नाहीत, ही जमेची बाजू.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं : देऊ नये. सुरक्षिततेची पुरेशी माहितीच नाही.

द्राक्षाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी : नको. शेंगदाण्याचं कारण पायरी ४मध्ये येईल.

पायरी ३ : सुरू करण्याआधी मोजा

लोक थेट पहिली कॅप्सूल घेतात आणि महिन्याने ‘जरा बरं वाटतंय’ म्हणतात. बरं कशापेक्षा, याची नोंद नसते. म्हणून आधी एक आठवडा काहीही न घेता फक्त मोजायचं.

रक्तदाबासाठी घरचं दंडावर बांधायचं यंत्र चालेल, मनगटावरचं शक्यतो नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. लघवी करून या. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायांची घडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे खरंच गप्प, बोलताना मोजलं तर आकडा वर जातो. दंड टेबलावर छातीच्या पातळीत ठेवा, पट्टा शर्टाच्या बाहीवर न बांधता उघड्या दंडावर बांधा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी औषध घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, रोज त्याच वेळेला. आठवड्याचे सगळे आकडे मिळवून सरासरी काढा. पहिल्या दिवशी आकडे अंमळ जास्त येतात, म्हणून तो दिवस वगळलात तरी चालेल.

पायांसाठी शिंप्याची टेप घ्या. घोट्याच्या हाडापासून ठरावीक अंतरावर वर पेनाने खूण करा आणि रोज संध्याकाळी एकाच वेळी तिथला घेर मोजा. खूण पुसली गेली तर पुन्हा तितक्याच अंतरावर करा, अंदाजपंचे नको. सोबत जडपणाला शून्य ते दहा असे गुण द्या. त्या दिवशी किती वेळ उभे होतात आणि उकाडा होता का, एवढं एका ओळीत टिपा. उन्हाळ्यात शिरा फुगतात आणि सूज वाढते. उन्हाळ्यात अर्क सुरू करून थंडी पडताना ‘गुण आला’ म्हणणाऱ्यांचा गुण बरेचदा हवामानाचा असतो.

पायरी ४ : लेबल वाचायला शिका

खरी फसवाफसवी इथे होते. समजा डबीवर लिहिलंय : ‘प्रत्येक कॅप्सूलमध्ये द्राक्षबियांचा अर्क ३०० मिलिग्रॅम, ९५ टक्के पॉलिफेनॉल्स.’ म्हणजे पॉलिफेनॉल्स २८५ मिलिग्रॅम, हे चांगलं. पण पॉलिफेनॉल्स हा मोठा वर्ग आहे, ओपीसी त्यातला एक भाग. एकूण पॉलिफेनॉल्स मोजायची नेहमीची चाचणी अगदी ढोबळ असते. तिच्यात क जीवनसत्त्व मिसळलं तरी आकडा फुगतो. ओपीसी किंवा प्रोअँथोसायनिडिन्स किती, हे वेगळं लिहिलेलं असेल तर ती कंपनी निदान स्पष्ट बोलते आहे.

दुसरं लेबल असं : ‘१२,००० मिलिग्रॅम द्राक्षबियांच्या बरोबरीचा!’ खाली बारीक अक्षरांत ‘१०० मिलिग्रॅम, १२०:१ अर्क’. याचा अर्थ कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅमच अर्क आहे, फक्त तो काढायला १२० पट बिया लागल्या असा दावा आहे. मोठा आकडा सोडून द्या. एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम अर्क आहे आणि त्यात ओपीसी किती टक्के, एवढं पाहा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून दहा वनस्पतींचं एकत्र वजन दिलं असेल तर ती डबी परत ठेवा. त्यात द्राक्षबिया किती हे कळायला मार्गच नसतो.

आता शेंगदाण्याची साल. ती स्वस्त असते, खारे दाणे आणि पीनट बटर बनवताना ढिगांनी उरते, आणि तिच्यातही प्रोअँथोसायनिडिन्स असतात. म्हणून काही ठिकाणी द्राक्षबियांच्या अर्कात तिची भेसळ होते, आणि बाजारातले नमुने तपासणाऱ्या संशोधकांना ती सापडलेली आहे. ढोबळ चाचणीत ही भेसळ पकडली जात नाही, कारण दोन्हीकडे पॉलिफेनॉल्स भरपूर. फरक असतो तो रेणू एकमेकांना जोडले जाण्याच्या पद्धतीत : द्राक्षबियांत एका बंधाने जोडलेला ‘बी’ प्रकार असतो, शेंगदाण्याच्या सालीत दोन बंधांनी जोडलेला ‘ए’ प्रकार. हे पाहायला महागडी यंत्रं लागतात. ग्राहकाच्या हातात एवढंच की यूएसपी किंवा एनएसएफसारख्या त्रयस्थ संस्थेची तपासणीची खूण आहे का ते बघावं, किंवा कंपनीकडे त्या बॅचचं तपासणी प्रमाणपत्र मागावं. प्रमाणपत्र न देणाऱ्या कंपनीचा माल न घेतलेला बरा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने मात्र खूण असली तरी हा धोका पत्करू नये.

सप्लिमेंट हे औषध नव्हे, हेही इथेच ध्यानात घ्या. अमेरिकेत १९९४च्या कायद्यापासून सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी त्याचा गुण सिद्ध करून मंजुरी घ्यावी लागत नाही. लेबलवर ‘रक्ताभिसरणाला साहाय्य’ अशी गुळमुळीत वाक्यं असतात ती यामुळेच. ‘रक्तदाब बरा करते’ असं म्हटलं की ते औषध ठरतं, आणि मग पुरावा द्यावा लागतो.

पायरी ५ : मात्रा

बहुतेक प्रयोगांत दिवसाला १०० ते ४०० मिलिग्रॅम अर्क वापरला आहे. रक्तदाब आणि पाय, दोन्हींसाठी १५० ते ३०० मिलिग्रॅम हा सर्वसाधारण पट्टा. पहिला आठवडा १०० किंवा १५० मिलिग्रॅमवर राहा, सकाळच्या खाण्यासोबत, भरपूर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळतं, अशी तक्रार नेहमीची. काही झालं नाही तर ३००पर्यंत न्या, दोनदा विभागून घेतलं तरी चालेल. त्याहून वर जाण्यात अर्थ दिसत नाही. जास्त मात्रेने जास्त गुण येतो, असं प्रयोगांतून ठामपणे दिसलेलं नाही.

डोकेदुखी, मळमळ, पोट बिघडणं, चक्कर, डोक्याच्या त्वचेला खाज, हे आढळलेले त्रास. बहुतेक वेळा सौम्य आणि बंद केलं की थांबणारे. अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास अडकला तर ती ॲलर्जी आहे, लगेच दवाखान्यात. कारण नसताना काळेनिळे डाग उमटू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं किंवा शौचाचा रंग काळा झाला तर अर्क त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवा.

या काळात दुसरं काही नवं सुरू करू नका. अर्क, नवा डाएट आणि चालायला जाणं एकाच सोमवारी सुरू केलं, तर रक्तदाब कशाने उतरला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पायरी ६ : आठ ते बारा आठवड्यांनी निकाल लावा

आठव्या आठवड्यात पुन्हा आठवडाभर, पहिल्यासारख्याच पद्धतीने मोजा. सरासरी काढा आणि पहिल्या सरासरीशेजारी मांडा. रक्तदाबात दोन-तीन अंकांचा फरक असेल तर तो अर्काचा म्हणता येणार नाही, आकडे स्वतःहूनही तेवढे हलतात. पाच-सहा अंकांचा फरक सातत्याने दिसत असेल तर विचार करण्यासारखा आहे. पायांच्या बाबतीत घेर आणि जडपणाचे गुण दोन्ही कमी झालेले हवेत. फक्त गुण कमी झाले आणि टेप तेवढीच सांगत असेल, तर मनाचा भाग मोठा असू शकतो. तरीही आराम वाटतोय, खर्च परवडतोय आणि पायरी २मध्ये काही अडसर नाही, तर चालू ठेवण्यात गैर नाही. पाय उंचावर ठेवणं, पोटऱ्यांचा व्यायाम आणि डॉक्टरांनी सांगितले असतील तर दाब देणारे मोजे, हे मात्र अर्काच्या नावाखाली सोडू नका. सूज उतरवण्यात त्या मोज्यांचा वाटा कॅप्सूलपेक्षा मोठा आहे.

फरक दिसला तरी एक चाचणी बाकी राहते. तीन-चार आठवडे अर्क बंद करून मोजत राहा. आकडे पुन्हा चढले आणि सुरू केल्यावर उतरले, तर आपल्या शरीरावर त्याचा परिणाम होतो असं मानायला बऱ्यापैकी आधार मिळाला. या सगळ्यात रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही. आकड्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवा, गोळीचं ते ठरवतील.

माणसांवरच्या प्रयोगांत हा अर्क अकरा महिन्यांपर्यंत सुरक्षितपणे दिला गेला आहे, असं अमेरिकेतली पूरक उपचारांवर काम करणारी सरकारी संस्था सांगते. त्यापुढचा प्रवास आपल्या जबाबदारीवर. वर्षभराने थांबून, पुन्हा गरज आहे का हे मोजून पाहणं शहाणपणाचं.

बारा आठवड्यांत काहीच हललं नसेल तर बंद करा. हळूहळू कमी करण्याची गरज नाही, एकदम थांबवलं तरी चालतं. आणि उरलेली डबी वाया जायला नको म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना देऊ नका. रक्त पातळ करायची गोळी बहुधा त्यांचीच चालू असते.